सुट्ट्यांच्या रकान्यातली पोस्ट

आमच्या कॉलेजात पंचेचाळीसेक माणसं आहेत आणि ती सगळी सुट्टीची बातमी तेवढी वाचतात. हे मी पूर्वी रागानं सांगायचे. आता राग करायला मला तोंड राहिलेलं नाही.

कॉलेजची वेबसाइट माझ्याकडं आहे. नावाला मी संगणक विभागातली सहायक, पण साइटवर फॉर्म चढवणं, जुनं काढणं, नवं लावणं आणि काही बिघडलं की सगळ्यांची बोलणी खाणं हे माझं खरं काम. पूर्वी काही बदललं की मी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचे. तो ग्रुप म्हणजे नुसता आठवडी बाजार. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी कुणाच्या पोराचा वाढदिवस, आणि त्यात माझा एका ओळीचा निरोप कुठं गडप व्हायचा ते मलाच सापडायचं नाही. एका वर्षी परीक्षेच्या अर्जाची लिंक बदलली. मी ग्रुपवर सांगितलं होतं. तरी ऑफिसातल्या तिघांनी आठवडाभर पोरांना जुनीच लिंक दिली, आणि पोरं बोंबलत थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये घुसली. प्राचार्यांनी मलाच झापलं. "तुम्ही सांगत नाही," म्हणाले. अहो, मी सांगते! ऐकतंय कोण?

म्हणून मी ब्लॉग काढला, फक्त स्टाफसाठी. साइटवर जे बदललं त्याची चार ओळींची पोस्ट, आणि प्रत्येक पोस्ट कुठल्या तरी एका रकान्यात. ज्याला जो रकाना हवा त्यानं त्याच्यापुढं टिक करायची. त्या रकान्यात काही पडलं की त्याला आपोआप मेल जाणार. परीक्षावाल्याला परीक्षेचं, प्रवेशवाल्याला प्रवेशाचं. नको असलेलं कुणाच्या डोक्यावर नाही.

रकाने कुठले ठेवायचे हे विचारायला मी खाली ग्रंथालयात गेले. आमच्या ग्रंथपाल मॅडमची नोकरी तेव्हा चार वर्षं उरली होती. त्यांचं माहेर अजिंठ्याकडचं आणि मी सोयगावची, त्यामुळं आम्ही दोघीच असलो की आमचं शहरातलं बोलणं गळून पडायचं. चौदा एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी त्या अख्ख्या स्टाफसाठी स्टीलच्या मोठ्या डब्यात खीर आणायच्या आणि मला हटकून दोन वाट्या द्यायच्या. "खा गं, लई वाळलीस," असं मला म्हणणारी जगात ती एकच बाई. मी वाळलेली कधीच नव्हते.

दोन दुपारी त्या माझ्याबरोबर कागद घेऊन बसल्या. पुस्तकं लावण्यात तीस वर्षं गेलेली बाई ती. म्हणाल्या, "हे बघ, तुला ठेवायला सोपं कुठं जातं, ते नाय बघायचं. शोधणारा कुठं हात घालील, ते बघायचं." पाच रकाने ठरले: परीक्षा, प्रवेश, कर्मचारी, ग्रंथालय आणि सुट्ट्या. सुट्ट्यांचा त्यांना नकोच होता. पण सुट्ट्यांची यादीही साइटवर लागते म्हणून प्राचार्यांनी तो घालायला लावला.

महिन्याभरानं मी कुणी काय टिक केलंय ते उघडून बघितलं आणि कपाळावर हात मारला. चाळीस जणांनी एकच टिक केली होती. सुट्ट्या! परीक्षा विभागाच्या प्रमुखांनीसुद्धा! मी त्यांना विचारलं, "सर, परीक्षेचा रकाना?" तर म्हणाले, "ते तुम्ही तोंडी सांगताच की." मॅडमनी मात्र चार रकाने टिक केले होते, नेमका सुट्ट्यांचा सोडून. "सुट्टी काय, भिंतीवरच्या कॅलेंडरात दिसती," म्हणाल्या. "त्याला मेल कशाला?"

चार-सहा महिने मी इमानदारीनं ज्याचं त्याच्या रकान्यात टाकत राहिले. कोणी वाचत नव्हतं. पोस्ट किती जणांनी उघडली हे मला दिसायचं; कधी तीन, कधी चार, त्यातल्या एक मॅडम. मग एकदा प्रवेशाची तारीख बदलली आणि मी चिडून ती पोस्ट सुट्ट्यांमध्ये टाकली. वर लिहिलं, "दिवाळीची सुट्टी आणि प्रवेशाची नवी तारीख." तासाभरात चाळीस जणांनी उघडली. प्राचार्य जिन्यात भेटले तर म्हणाले, "वा, आता कसं सगळ्यांना कळतंय!"

झालं, मला चटकच लागली. परीक्षेचा अर्ज बदलला, सुट्ट्यांमध्ये. हजेरीचं नवं पान आलं, सुट्ट्यांमध्ये. सुरुवातीला मी पोस्ट खऱ्या रकान्यातही टाकायचे. पण ज्यांनी दोन्ही रकाने टिक केले होते त्यांना दोनदा मेल जायला लागली आणि ते दोघं-तिघं कुरकुरायला लागले, म्हणून मी खऱ्या रकान्यात टाकणं सोडून दिलं. ज्या एका माणसानं सगळं नीट टिक केलं होतं त्याचं काय होईल, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. खोटं कशाला बोलू, आला होता. पण मला वाटलं, मॅडमला काय, मी खाली गेले की सांगेन.

मॅडमच्या कानावर ते गेलंच. एकदा पुस्तक बदलायला गेले तर म्हणाल्या, "काय गं, परीक्षेचं सुट्ट्यांत घालतीस म्हणं?"

"मॅडम, लोक वाचतात ना, बस्स झालं."

"लोकांच्या आळसापायी तू तुझं काम नको बिघडवू, बाई," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या पुस्तकावर शिक्का मारला. मी हसले. मला तेव्हा चाळीसचा आकडा दिसत होता.

आता मॅडमच्या मिस्टरांचं सांगते. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मी त्यांना पाहिलं ते कॉलेजच्या गेटाशी, स्कूटरवर, हेल्मेट घातलेलं. मॅडमला सोडायचे, लांबूनच हात वर करायचे आणि जायचे. ते रिटायर झाले त्या वर्षी एक अंध मुलगी मॅडमकडं आली. तिला राज्यशास्त्राचं पुस्तक वाचून दाखवणारं कोणी नव्हतं. मॅडमनी घरी ती गोष्ट काढली आणि मास्तरांनी दुसऱ्या दिवसापासून पुस्तक फोनवर रेकॉर्ड करायला घेतलं. मागच्या खोलीच्या दाराला गोधडी लावायचे. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की थांबायचे आणि पान पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. मॅडमला त्याचं भारी हसू यायचं. "माझ्याबी कुकरची शिटी होऊ देईनात," म्हणायच्या. "म्हणं, धडा होऊ दे, मग वरण लाव."

राज्यशास्त्र झालं, इतिहास झाला, मराठीची दोन पुस्तकं झाली. मास्तर पेन ड्राइव्ह मॅडमजवळ द्यायचे, मॅडम माझ्याजवळ, आणि मी ते साइटवर चढवायचे. "ऐकायची पुस्तकं" असं त्या पानाचं नाव. मॅडमनीच दिलं होतं. ते पान ग्रंथालयाच्या यादीत नव्हतं, विद्यार्थ्यांच्या सोयींमध्ये होतं, कारण अंध पोरं तिथंच शोधतील असं त्यांचं म्हणणं.

मग एका उन्हाळ्यात मास्तर गेले. नळाला पाणी यायचा दिवस होता. आमच्या शहरात तो दिवस आठ-आठ दिवसांनी येतो, त्यामुळं माणूस सगळं सोडून त्याच्या मागं असतो. मास्तर गच्चीवर टाकी बघायला गेले, तिथंच खाली बसले आणि बसल्या जागी संपले.

पंधरा दिवसांनी मॅडम कामावर आल्या. पूर्वी त्या स्टाफरूममध्ये सगळ्यांबरोबर जेवायच्या. आता ग्रंथालयातच, आपल्या टेबलावर, कानाला हेडफोन लावून एकट्या जेवायला लागल्या. लोक म्हणायचे, बुद्धवंदना ऐकत असतील, बोलू नका त्यांना. मी एकदा त्या वेळेला खाली गेले आणि पडद्यावर बघितलं. राज्यशास्त्र, प्रकरण तिसरं.

त्या लाजल्याबिजल्या नाहीत. हेडफोन एका कानावरून काढून म्हणाल्या, "राज्यशास्त्र लई चांगलं कळायला लागलंय बघ मला." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "जेवताना कुणीतरी बोलत असल्यावाणी वाटतं गं. बास, तेवढंच."

लेक पुण्याला होती. घरी दुसरं कुणी नव्हतं. मास्तरांचा फोन लेकीनं बदलून आईला नवा घेऊन दिला होता, आणि जुन्यातलं काही काढून ठेवावं हे कुणाच्या मनातही आलं नाही. साइटवर आहे ना सगळं! मॅडम असंच म्हणायच्या. मीही असंच म्हणायचे, आणि त्यांचा पेन ड्राइव्ह पुसून मी केव्हाच त्यावर प्रवेशाचे फोटो भरले होते.

मग कॉलेजनं वेबसाइट नवी करायला घेतली. कंपनी बदलली. नव्या कंपनीनं सांगितलं, जुनं सगळं उचलणार नाही, जी पानं ठेवायची त्यांची यादी द्या, बाकीचं जुन्या सर्व्हरबरोबर जाईल. प्रत्येक विभागानं आपली पानं एका तक्त्यात लिहायची होती, महिनाअखेरपर्यंत.

ही पोस्ट मी कुठं टाकली असेल? वर लिहिलं, "उन्हाळी सुट्ट्या आणि नवी वेबसाइट: आपापली पानं कळवा." चाळीस जणांनी उघडली. त्या दिवशी मॅडमला खाली जाऊन सांगायचं माझ्या मनात होतं. देवाशप्पथ होतं. पण आमच्या कॉलनीत पाण्याचा दिवस होता, तीनला नळ येणार होता, आणि मी पोस्ट टाकून पर्स उचलून पळाले. दुसऱ्या दिवशी ते मनातून गेलं. पोस्ट टाकली म्हणजे सांगितलं, असं माझ्या डोक्यात बसूनच गेलं होतं.

महिनाअखेरीला मी तक्ता तपासला. ग्रंथालयाची ओळ भरलेली होती. वेळापत्रक, नियम, मासिकांची यादी, सगळं होतं. ती ओळ ग्रंथालयातल्या लिपिकांनी भरली होती. त्यांनी सुट्ट्यांचा रकाना टिक केलेला. मॅडमला त्यांनी विचारलं नाही, मागाहून मला म्हणाले, "त्यांना तर सगळ्याच मेल येतात, मला वाटलं त्यांना ठाऊक आहे." ओळ भरलेली दिसली म्हणून मीही पुढं सरकले. विद्यार्थ्यांच्या सोयींच्या ओळीत कुणीतरी वसतिगृह आणि बसपास एवढंच लिहिलं होतं. मी ते वाचलं. डोळ्यांनी वाचलं आणि काही खटकलं नाही. पानं दोनशेच्या वर होती, हे कारण मी स्वतःला पुष्कळदा दिलंय. ते मला पुरत नाही.

नवी साइट सुरू झाली त्या दिवशी पेढे वाटले. जेवणाच्या सुट्टीत मॅडमचा फोन आला. "बघ गं, आज ह्यांचं पान लागंना. माझंच नेट गेलंय का?"

मी इकडं पान शोधलं, नव्हतं. जुना पत्ता टाकला, कोरा. आणि मी म्हणाले, "सर्व्हरचं काम चालू आहे, मॅडम. लागेल."

"बरं, बरं. सावकाश कर. घाई नाय."

आठ दिवस मी हेच खोटं बोलले. त्या रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करायच्या, "लागंना अजून," आणि मी म्हणायचे, "काम चालूच आहे." मधल्या वेळेत मी जुन्या कंपनीला फोन करून करून हैराण केलं. तिथला माणूस शेवटी वैतागून म्हणाला, "मॅडम, तुमचा करार संपला, जागा पुसली. तुमच्या यादीत ते पान नव्हतं." जुन्या अंध विद्यार्थ्यांचे नंबर ऑफिसातून काढले. ती पहिली मुलगी आता जालन्याला नोकरीला आहे. ती म्हणाली, "आम्ही साइटवरच ऐकायचो, ताई. उतरवून नाही घेतलं." दुसऱ्यानं मेमरी कार्डात भरून घेतलं होतं, तो फोन बसस्टँडवर चोरीला गेला होता. तिसऱ्यानं फोन उचलला आणि मी काही विचारायच्या आधी तोच म्हणाला, "पान बंद झालं का ताई? माझा धाकटा भाऊ ऐकत होता."

नवव्या दिवशी मी खाली गेले. मॅडम मासिकांवर शिक्के मारत होत्या. मी त्यांच्यासमोर खुर्चीत बसले आणि सगळं सांगितलं. पान गेलं, परत येणार नाही, कुणाकडं काही नाही, चूक माझी आहे. रडत सांगितलं. रडायचा हक्क माझा नव्हता, पण आवरलं नाही.

त्यांनी शिक्का खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तू कळवलं होतंस म्हणं सगळ्यांना?"

"हो."

"कुठल्या रकान्यात?"

मी सांगितलं. सुट्ट्यांच्या.

"हां," म्हणाल्या. आणि परत, "हां."

मला वाटत होतं, ह्यांनी ओरडावं. मला दोन तोंडात माराव्यात. लाज नाही वाटत का म्हणावं. त्या उठल्या, माठातलं पाणी आणून माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाल्या, "मला खाली येऊन सांगायचं होतंस, पोरी. मी काय लांब होते का?" थोडं पाणी टेबलावर सांडलं. ते त्यांनी पदरानंच पुसलं.

त्यानंतर मी तीन दिवस बसून ब्लॉग नीट केला. पहिल्यापासूनची एकेक पोस्ट उघडून तिच्या खऱ्या रकान्यात हलवली. सुट्ट्यांमध्ये आता फक्त सुट्ट्या आहेत. कोणी वाचत नाही. पोस्ट टाकली की मी ज्याचं काम आहे त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहते आणि तोंडानं सांगते. लोकांना वाटतं, बाईला हल्ली रिकामा वेळ फार झालाय. मॅडमनी ब्लॉग बघितला असावा. एकदा येता-जाता म्हणाल्या, "आता बरं लावलंस." त्या मनापासून म्हणाल्या आणि मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

आणि मॅडम पुन्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांबरोबर जेवायला लागल्या. हे सगळ्यात वाईट. लोकांना केवढा आनंद! "बघा, मॅडम सावरल्या," म्हणायचे. त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी सगळे हात घालून घ्यायचे, त्यांना पुण्याच्या नातवाबद्दल विचारायचे, त्या हसून सांगायच्या. परीक्षा विभागाचे प्रमुख मला म्हणाले, "माणसात आल्या, बरं झालं." मी मान हलवली. त्या माणसात का आल्या, हे तिथं मला एकटीलाच माहीत होतं. मी प्राचार्यांना माझी चूक लिहून दिली होती. त्यांनी वाचून घडी घातली आणि म्हणाले, "जाऊ द्या हो, एक पान तर होतं."

मागच्या महिन्यातली गोष्ट. जेवणं झाली, बाकीचे डबे धुवायला गेले, आम्ही दोघीच टेबलाशी राहिलो. मॅडम चटणीच्या डब्याचं झाकण लावत होत्या, ते काही नीट बसत नव्हतं. माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "तुला एक विचारू का गं?"

"विचारा की."

"ह्यांचा आवाज कसा होता? जाडा का बारीक?" आणि घाईघाईनं म्हणाल्या, "मला आठवतोय तसा. पण परवा झोपेतून उठले आणि वाटलं, हा ह्यांचा नव्हं, दुसऱ्याच कुणाचा तरी आठवतोय. आता पडताळून कुठं बघू? तू सगळी पुस्तकं चढवलीस, तू तर ऐकलाच असशील."

मी तो आवाज एकदाही ऐकलेला नाही. माझ्या कॉम्प्युटरचा स्पीकर बंद होता. फाइल चढवली की पडद्यावरची पट्टी पुढं सरकते का एवढंच मी बघायचे, सरकली की झालं, पुढची फाइल. चार पुस्तकं मी अशीच चढवली.

त्या माझ्याकडं बघत होत्या.

"जाडा होता, मॅडम," मी म्हणाले. "चांगला मोकळा, जाडा."

त्यांनी डबा पिशवीत ठेवला आणि हळूहळू मान हलवली.

"व्हय," म्हणाल्या. "तसाच असंल."